पत्रं कुणी सांभाळायची?

बऱ्याच दिवसांनी निवांत बसून लिहितोय. निमित्त आमच्या घरातल्या एका वादाचं. वाद म्हणजे भांडण नव्हे, पण गेले दोन महिने जेवताना रोज निघणारा विषय. ऐकून तुम्ही कदाचित हसाल. आपली ईमेल घरच्या सर्व्हरवर ठेवायची, की एखाद्या कंपनीला वर्षाचे पैसे भरून तिच्याकडे?

मी मासवणचा. पालघरहून मनोरकडे जाताना सूर्या नदीकाठी लागतं ते गाव. नोकरी सगळी बोईसरच्या एमआयडीसीत झाली, एका कारखान्याच्या संगणक विभागात. दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळण्यात उमेद गेली, म्हणून निवृत्तीनंतर घरात स्वतःचा एक ठेवला. माळ्याखालच्या कोनाड्यात तो घरघरत असतो. परवा एका पावसाळी रात्री वीज गेली, इन्व्हर्टरही बसला आणि मी टॉर्च घेऊन कोनाड्यापुढे उकिडवा बसलो. तेव्हा बायको मागून म्हणाली, "अहो, उद्या तुम्हाला काही झालं तर हे चालू ठेवायचं कसं, ते घरात कुणाला ठाऊक आहे का?"

मला उत्तर देता आलं नाही.

आता हा सगळा खटाटोप मी का करतो ते सांगायला हवं. आमच्या घरात एक पत्र्याची ट्रंक आहे. तीत अण्णांची, म्हणजे वडिलांची पत्रं आहेत. पोस्टकार्डं, निळी अंतर्देशीय, मनिऑर्डरच्या पावत्या. दादा शिकायला मुंबईला होता तेव्हा त्याने पाठवलेली कार्डंही तीतच. कडा कुरतडलेल्या आहेत, शाई फिकी झालीय, पण वाचता येतात. पुढे दादा अमेरिकेला गेला आणि पत्रं बंद होऊन ईमेल सुरू झाली. मी पालघरच्या सायबर कॅफेत जाऊन वाचायचो, तासाला पैसे मोजून. एका संकेतस्थळाची फुकट पेटी होती. आठ-नऊ वर्षांचा पत्रव्यवहार त्यात साठला. आईच्या आजारपणात आम्ही दोघांनी एकमेकांना जे लिहिलं ते सगळं त्यात होतं. २००९ साली दादा गेला. त्यानंतर मला ती पेटी उघडायचा धीर झाला नाही. दोनेक वर्षांनी उघडायला गेलो तर सेवाच बंद झालेली. बंद होण्याची सूचना म्हणे सर्वांना पाठवली होती. ती अर्थात त्याच पेटीत पाठवली होती!

तर अण्णांची १९५८ सालची कार्डं आहेत आणि दादाचं २००८ सालचं एकही पत्र नाही. तेव्हापासून ठरवलं की आपली पत्रं आपणच सांभाळायची. कोनाड्यातलं यंत्र तिथून आलं.

पण बायकोच्या प्रश्नानंतर जरा मागे जाऊन पाहावंसं वाटलं. आपल्याकडे लोकांनी पत्रं कशी पाठवली आणि कुणाकडे ठेवली? इतिहासाची पुस्तकं चाळण्याची जुनी खोड आहेच. चाळता चाळता लक्षात आलं की आमचा वाद काही नवा नाही.

पेशवाईत ज्याला ऐपत असे त्याचा स्वतःचा जासूद असे. पेशव्यांचे जासूद, सरदारांचे जासूद, लांबच्या आणि निकडीच्या कामाला सांडणीस्वार. वाटेत दगाफटका होऊ नये म्हणून बरेचदा जासुदांची जोडी पाठवत. आमच्याच किनाऱ्यावर १७३९ च्या जानेवारीत चिमाजीअप्पांच्या फौजांनी माहीम आणि तारापूर घेतलं. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडला. मे महिन्यात वसई आली. या साऱ्या मोहिमेची हकीकत आज आपल्याला कळते ती अशा जासुदांनी वाहिलेल्या पत्रांतून. हा स्वतःचा बंदोबस्त. पगार आपला, माणूस आपला आणि तो पकडला गेला तर नुकसानही आपलं.

ज्याला हे परवडत नसे, किंवा ज्याचं काम पैशाचं असे, तो सावकारांच्या कासिदांकडे जाई. हुंड्यांचा धंदा बातमीवर चालतो, त्यामुळे सावकारांची डाक चोख असे. किती चोख, ते पानिपतच्या वेळी दिसलं. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते आणि भेलशाजवळ होते. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी, पण पोटचा मुलगा आणि चुलतभाऊ गेल्याची बातमी त्यांना आपल्या माणसाकडून कळली नाही. सावकारांचा एक कासिद औरंगाबादेला (आताचं छत्रपती संभाजीनगर) पत्र घेऊन चालला होता, तो छावणीत आणला गेला आणि त्याच्याकडचं पत्र फोडलं गेलं. मजकूर व्यापारी सांकेतिक भाषेत होता. मोती, मोहरा, रुपये आणि खुर्दा यांच्या हिशोबात माणसं किती गेली ते लिहिलेलं. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासापासून ही गोष्ट सांगितली जाते आणि आपल्याला ती शाळेत असल्यापासून माहीत आहे.

मी मात्र या वेळी ती वेगळ्या कारणासाठी पुन्हा वाचली. त्यात आमच्या वादाचे सगळे मुद्दे आहेत. स्वतःची यंत्रणा कितीही मोठी असली तरी ऐन वेळी पैसे घेऊन काम करणाऱ्याची डाक आधी पोचू शकते. पण परक्याच्या हातातलं पत्र वाटेत कुणीही सत्ताधारी फोडू शकतो. आणि म्हणूनच सावकारांनी मजकूर उघडा लिहिला नव्हता. आजच्या भाषेत त्यांनी तो कूटबद्ध केला होता. दोन मोती म्हणजे काय हे कळायला पेशव्यांना वेळ लागला नाही, हा भाग वेगळा.

मग कंपनी सरकार आलं. वॉरन हेस्टिंग्जने १७७४ साली कंपनीची डाक सर्वसामान्यांना पैसे घेऊन खुली केली. दर १०० मैलांना दोन आणे आणि त्यासाठी तांब्याची तिकिटं. मुंबईचं जनरल पोस्ट ऑफिस १७९४ चं. १८३७ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात पैसे घेऊन पत्रं वाहण्याचा हक्क फक्त सरकारला राहिला आणि खाजगी डाक बेकायदा ठरली. सावकारांच्या कासिदांचा धंदा कायद्याने संपवला. पुढचा कायदा १८५४ चा. त्याने अंतराचा हिशोबच काढून टाकला. पाव तोळा वजनाचं पत्र देशात कुठेही अर्ध्या आण्यात. १८७९ ला पोस्टकार्ड आलं, पाव आण्याचं.

पाव आण्यात पत्र जात असेल तर कोण कशाला जासूद ठेवील? आमच्यासारख्या खेड्यातल्या माणसाला तर आयुष्यात पहिल्यांदा पत्र लिहिणं परवडू लागलं. लिहिता येत नसेल तर पोस्टमन वाचून दाखवायचा, उत्तरही लिहून द्यायचा. या सोयीला नावं ठेवणं कृतघ्नपणाचं होईल. पण किंमत नुसती पाव आणा नव्हती. १८९८ च्या पोस्टाच्या कायद्यात कलम २६ होतं, सार्वजनिक आणीबाणीत किंवा सुरक्षिततेसाठी सरकारला टपाल अडवण्याचा अधिकार देणारं. हा कायदा सव्वाशे वर्षं चालला. त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा जून २०२४ पासून लागू झाला. नव्या कायद्यातून पत्रं वाहण्याची सरकारी मक्तेदारी गेली, टपाल अडवण्याचा अधिकार मात्र राहिला. मक्तेदारी सोडायला सरकारला जड गेलं नाही, कारण पत्रं आता वाहतो कोण!

हे झालं पत्र पोचवण्याचं. पोचलेली पत्रं कुठे राहिली, ही गोष्ट मला जास्त जवळची आहे.

पेशवाई बुडाल्यावर सरकारी कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले. ते पुण्यात पेशवे दफ्तर म्हणून ठेवले गेले. कोट्यवधी कागद, स्वतंत्र इमारत, जाड भिंती. कागद सुरक्षित राहिले, पण कुलपात. आपल्याच लोकांचा इतिहास आपल्याच अभ्यासकांना मोकळेपणाने पाहता येईना. ते दार खऱ्या अर्थाने उघडलं १९३० च्या सुमाराला. गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापले. वर सांगितलेली वसईच्या मोहिमेची पत्रं त्यांतच आहेत. म्हणजे १७३९ मध्ये लिहिलेलं पत्र सामान्य वाचकाला दिसायला जवळजवळ दोनशे वर्षं लागली.

दुसरीकडे, जे कागद घराघरांत राहिले त्यांचं काय झालं? नाना फडणीसांचं दफ्तर वाईजवळ मेणवलीच्या वाड्यात राहिलं. पटवर्धनांचे कागद मिरजेला होते, ते वासुदेवशास्त्री खऱ्यांना मिळाले आणि १८९७ पासून त्यांनी ते छापायला घेतले. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्यातली पानिपतच्या काळातली पत्रं वाईच्या एका घरात सापडलेली. पुढे हा माणूस आयुष्यभर गावोगाव, वाड्यावाड्यांतून दफ्तरं शोधत फिरला आणि २२ खंड काढले. १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. कुणी दार उघडायचं, कुणी नाही. कुठे कागद वाळवीने खाल्लेले, कुठे पावसात भिजून लगदा झालेले, कुठे वाण्याकडे रद्दीत गेलेले. राजवाड्यांना मिळालं त्याच्या कितीतरी पट नष्ट झालं असणार.

मला हा हिशोब फार अस्वस्थ करतो. मोठ्या धन्याकडे ठेवलेलं टिकलं, पण दोनशे वर्षं कुलूप. घरात ठेवलेलं आपल्या हातात राहिलं, पण वाळवीच्या तोंडी. आणि घरातलं जे वाचलं, ते तरी का वाचलं? घरात पुढच्या पिढीत एखादा माणूस असा निघाला, ज्याने रुमाल सोडून पाहिले आणि परत नीट बांधून ठेवले. त्याला मोडी वाचता येत नसेलही. पण हे फेकायचं नाही, एवढं त्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

आता ईमेलकडे येऊ. गंमत अशी की ईमेल जन्माला आली ती जासुदांच्या पद्धतीने. रे टॉमलिन्सनने १९७१ मध्ये दोन यंत्रांत पत्र पाठवलं आणि पत्त्यात ते ‘@’ चिन्ह घातलं. १९८२ मध्ये एसएमटीपी हा नियम लिहिला गेला, आजही तोच चालतो. त्यात कुणी मोठा, कुणी छोटा नाही. ज्याच्याकडे यंत्र आणि जोडणी आहे तो आपलं पोस्ट ऑफिस उघडू शकतो, कुणाची परवानगी लागत नाही. भारतात १९८६ पासून अर्नेटच्या प्रकल्पात आयआयट्या आणि मुंबईचं एनसीएसटी यांनी हेच केलं. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट लोकांना विकायला काढलं. मग हॉटमेल (४ जुलै १९९६), फुकट. मग १ एप्रिल २००४ ला जीमेल, एक जीबी जागा फुकट, जेव्हा बाकीचे दोन-चार एमबी देत. हे ईमेलचं पाव आण्याचं कार्ड. सगळे तिकडे गेले, मीही. पत्रं वाचून जाहिराती दाखवणं २०१७ मध्ये बंद करणार असल्याचं गुगलने जाहीर केलं, म्हणजे तोवर ते चालू होतं.

कायद्याने कुणी खाजगी सर्व्हरवर बंदी घातली नाही, १८३७ सारखं काही झालं नाही. पण प्रत्यक्षात काय होतं ते मी घरी बसून अनुभवलं आहे. पत्र घेणं अजिबात अवघड नाही. भारनियमनात आमचं यंत्र तासन् तास बंद असे, तरी एक पत्र हरवलं नाही. कारण समोरचा सर्व्हर चार-पाच दिवस पुन्हापुन्हा दार ठोठावतो, पोस्टमनपेक्षा चिवट. अवघड आहे ते पाठवणं. घरगुती जोडणीवर पंचवीस नंबरचं पोर्ट बहुधा बंद. आयपी पत्ता बदलता, आणि तो आधी कुणी स्पॅमसाठी वापरला असेल तर काळ्या यादीत. मग एसपीएफ, डीकिम, डीमार्क, उलट डीएनएस. आपण आपणच आहोत हे सिद्ध करायचे दाखले. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने हे नियम आणखी घट्ट केले. यात चूक काही नाही, स्पॅमचा महापूर आहे. पण मी सगळे दाखले जोडले तरी पुतणीला पाठवलेलं पत्र तिच्या स्पॅममध्ये गेलं. दादाच्या वर्षश्राद्धाला मी तिला लांबलचक लिहिलं होतं. तिला ते तीन महिन्यांनी दिसलं. तोवर काका आपल्याला विसरले, असं तिला वाटत होतं. हे मला फार लागलं.

बरं, पैसे भरून घेतलेली सेवा म्हणजे तरी अभय आहे का? लाव्हाबिट नावाची अमेरिकेतली एक सेवा होती, खाजगीपणासाठी नावाजलेली. ऑगस्ट २०१३ मध्ये सरकारने किल्ल्या मागितल्यावर चालकाने ती बंदच केली. बाणेदारपणा खराच, पण पैसे भरलेल्या गिऱ्हाईकांची पेटीही त्या दिवशी गेली. गुगलने २००६ मध्ये स्वतःच्या डोमेनवर फुकट ईमेल द्यायला सुरुवात केली. २०१२ च्या डिसेंबरात नव्यांना बंद केली, २०२२ च्या जानेवारीत जुन्यांनाही पैसे भरा म्हणाले, ओरड झाल्यावर घरगुती वापराला सूट दिली. मात्र ज्यांचं डोमेन स्वतःचं होतं त्यांना एक मार्ग मोकळा होता. बिऱ्हाड उचलून दुसरीकडे जायचं, पत्ता तोच ठेवून. माझ्या त्या जुन्या फुकट पेटीत पत्ताही त्यांचा आणि पत्रंही त्यांची. मला जायला जागाच नव्हती.

हाच विचार मोठ्यांनीही केलेला दिसतो. केंद्र सरकारची ईमेल वर्षानुवर्षं एनआयसी स्वतः चालवत असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये बातम्या आल्या की सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांच्या पेट्या झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर गेल्या. पण पत्ते सरकारचेच राहिले. साक्षात सरकार जर चालवण्याचं काम बाहेर देऊन पत्ता आपल्याकडे ठेवत असेल, तर माझा कोनाड्यातला हट्ट कशासाठी?

आमच्या गावात हे समजायला पुस्तकं लागायला नकोत खरं तर. वसई-विरारला जाणारं सूर्येचं पाणी आमच्या मासवणच्या उदंचन केंद्रातून उपसलं जातं, धुकटणला शुद्ध होतं आणि पुढे जातं. तिकडे लाखो लोक नळ फिरवतात. इथे वीज गेली की तिकडे नळ कोरडे. आमच्या परसात विहीर आहे. तिचं बिल येत नाही, पण दर उन्हाळ्यात गाळ काढावा लागतो, पावसाळ्यात टीसीएल टाकावी लागते, राहाटाचा दोर बदलावा लागतो. अण्णा होते तोवर ते करायचे, मग मी. माझा मुलगा ठाण्यात असतो. माझ्यानंतर गाळ कोण काढणार, हे मला माहीत आहे. कुणी नाही. विहीर बुजत नाही, पण न उपसलेल्या विहिरीचं पाणी कुणी पीत नाही.

तर शेवटी ठरवलं ते असं. डोमेन आपल्या नावावर, दहा वर्षांचे पैसे एकदम भरून. पत्रं पोचवायचं आणि घ्यायचं काम पैसे घेणाऱ्या एका सेवेकडे. वर्षाला लागतात ते पैसे आमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीपेक्षा कमी आहेत. त्या सेवेला माझी पत्रं उघडता येतील का? हो, येतील. पोस्टमनलाही अण्णांची कार्डं वाचता येत होती. जे कुणीच वाचू नये असं वाटतं ते मी सावकारांसारखं कुलूप घालून पाठवीन, तेवढं येतं मला. आणि कोनाड्यातलं यंत्र आता सर्व्हर राहणार नाही. रोज रात्री ते सगळ्या पत्रांची एक प्रत साध्या मजकुराच्या फाइलींत उतरवून घेईल, कुठल्याही संगणकावर उघडतील अशा. एक प्रत ठाण्याला मुलाकडे.

परवा रविवारी बायकोला शेजारी बसवून सगळं एका वहीत लिहून काढलं. डोमेन कुठे, पैसे कधी भरायचे, पासवर्ड काय, प्रत कुठे. तिने दोनदा अडवून "हे मला कळलं नाही, सोपं लिहा" असं सांगितलं, तेव्हा सोपं लिहिलं. वही ट्रंकेत ठेवली, अण्णांच्या कार्डांवर.

दादाची पत्रं काही परत येणार नाहीत. पण पुतणीला हे सगळं लिहून पाठवलं (नव्या सेवेवरून, पोचलं!). तिचं उत्तर आलं. दादाच्या जुन्या संगणकाची हार्डडिस्क तिने फेकलेली नाही, म्हणे. चालते की नाही माहीत नाही, आणि काय शोधायचं हेही तिला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी येताना घेऊन येतेय.

बघू काय निघतं त्यातून.